कोठार आधी कुणाला दिसलं

३१ मे, शनिवार

पोचलो एकदाचे कॅन्ससात. ॲन आर्बरपासून दोन दिवस, आणि गाडी सगळी मी चालवली. ह्यांची कंबर धरलीय म्हणे. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, लांबच्या प्रवासात स्टिअरिंग आपणहून माझ्या हातात कधी दिलं नव्हतं. मी आपली खूश. चौथ्या खेपेला लायसन्स मिळालेली बाई मी, आणि मिसिसिपी ओलांडून आले!

लांबडी टपावरून सुखरूप उतरली. दोघांची सायकल, म्हणून लांबडी. कुणाच्या तरी गराज सेलमध्ये घेतली त्याला सतरा वर्षं झाली. मला एकटीला सायकलचा तोल जन्मात जमला नाही. तेव्हा हे म्हणाले होते, "तू मागे बस, नुसते पाय मार. तोल माझ्याकडे." तेव्हापासून दरवर्षी जूनचा पहिला आठवडा आमचा आणि तिचा.

गाडी इथेच मोटेलवर ठेवायची. उद्यापासून गोल फिरून शुक्रवारी परत इथे.

१ जून, रविवार. ३४ मैल.

गहू पिवळा पडायला लागलाय. वाऱ्याने सगळं रान एका अंगाला कलतं, परत उठतं. माणूस नाही, झाड नाही. आकाश मात्र हवं तेवढं.

पैज तीच. गावाच्या कडेचं धान्याचं कोठार, ते पांढरं सिमेंटचं उंच, ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, "कोठार दिसलं!" हरला त्याने दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा करायचा. सतरा वर्षांत मी मोजून तीनदा जिंकले असेन. पुढे बसणाऱ्याला आधी दिसणारच की. मला तर समोर ह्यांची पाठ. त्या पाठीवरचा प्रत्येक तीळ मी ओळखते.

आज मी जिंकले! नऊ मैलांवरून दिसलं. हे म्हणाले, "उन्हामुळे." ऊन पाठीमागून होतं.

२ जून, सोमवार. ४० मै.

चहा ह्यांनी केला. अर्धं पाणी कपाबाहेर. "मोटेलचे कप वेंधळे," म्हणाले. मी पुसून घेतलं.

एक गोष्ट मनात खुपतेय, लिहून टाकते. पुढच्याने खड्डा दिसला की "खड्डा!" म्हणायचं, मागच्याने सीटवरून अंग उचलायचं, म्हणजे कण्याला धक्का बसत नाही. ही आमची रीत. आज हे धक्का बसल्यावर "खड्डा" म्हणत होते. एकदा नाही, पाच-सहा वेळा. मी म्हटलं, "वरातीमागून घोडं कशाला?" तर हसले नाहीत.

दुपारी रानात तेलाचा पंप मान खालीवर करत होता. हे म्हणाले, "घोडा बघ कसा मान हलवतोय." मी खदखदून हसले. मग हेही हसले. पण आधी मी, मग हे.

कोठार मला सात मैलांवर दिसलं. वाट बघितली. सहा. पाच. हे गप्प. दोन मैलांवर आल्यावर ओरडले, "कोठार दिसलं!" इतका आनंद झाला त्यांना. मी म्हटलं, "हरले बाई." उद्याचा चहा माझ्याकडे.

खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही तेव्हा. आता वाटतंय.

३ जून, मंगळवार. ३७ मै.

मीच मागून "खड्डा" म्हणायला लागले. ह्यांच्या उजव्या खांद्यावरून मान काढून बघायचं आणि सांगायचं. हे काही विचारत नाहीत. नुसते सीटवरून उठतात, मीही उठते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण चाललंय.

गौरीचा हर्नडनहून फोन. "आई, इज बाबा ओके? ही साउंड्स ऑफ." म्हटलं, "कंबर." ती म्हणाली, "कंबर डझन्ट साउंड लाइक दॅट." लेक माझी, नाक माझं.

दुपारी हे ओरडले, "कोठार दिसलं!" आणि हात केला तिकडे कॉटनवुडच्या झाडांचा पुंजका होता. कोठार बरंच डावीकडे. मी म्हटलं, "हो हो, दिसलं. हरले."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? पण झाकणारी मीच.

४ जून, बुधवार. सकाळी साडेपाच.

आज मोठा दिवस. ६६ मै. मधे एकच गाव, बाकी नुसतं रान. चहा केला, आलं घालून. दशम्या आणि शेंगदाण्याच्या वड्या मागच्या पिशवीत. पाण्याच्या सहा बाटल्या. हे केव्हाचे तयार. म्हणाले, "सुधा, आजचा दिवस नीट पार पडला की झालं." काय झालं, ते सांगितलं नाही.

साडेदहा, मधल्या गावात.

२८ झाले. पोस्टासमोरच्या बाकावर बसलोय. सकाळ काय सुंदर होती. पिवळ्या छातीचा तो पक्षी, गळ्यात काळी त्रिकोणी पट्टी, कुंपणाच्या प्रत्येक दुसऱ्या खांबावर बसून शीळ घालतो. हे म्हणाले, "ऐक, पुढच्याने उत्तर दिलं." कान तिखट झालेत ह्यांचे. वाऱ्यावर कुठे गुरं आहेत ते मला दिसायच्या आधी सांगतात.

ह्या गावचं कोठारही हे "जिंकले". तिसऱ्यांदा. दशमी खाताना म्हणाले, "म्हातारा झालो तरी नजर आहे हो अजून." मी पाणी प्यायला मान वळवली.

आज संध्याकाळी विचारणार. नक्की.

संध्याकाळी सहा.

अक्षर वाकडं येतंय. तरी आत्ताच लिहिते, नाहीतर उद्या गोड करून लिहीन.

बारा मैल गेलो असू त्या गावापासून. सरळ रस्ता, बारीक उतार, लांबडी आपल्या मर्जीने पळत होती. मी नेहमीसारखी खांद्यावरून डोकावलेली. समोर रस्त्यावर, अगदी आमच्या चाकाच्या वाटेत, बशीएवढं कासव. पाठीवर पिवळ्या रेघा. वाटलं, दिसलं असेल, आता वळवतील. वळवेनात. मी ओरडले, "खड्डा!"

दुसरा शब्द सुचलाच नाही. आणि ह्यांनी रीत पाळली. सीटवरून उठले, हँडल सरळ. खड्डा म्हटलं की अंग उचलायचं, वळायचं नाही. सतरा वर्षं आम्ही दोघांनी तेच घोटलंय.

मग मी काय केलं मला नीट माहीत नाही. ह्यांचा शर्ट धरून सगळं अंग उजवीकडे टाकलं. लांबडी रस्ता सोडून गवतात गेली आणि आम्ही दोघं आडवे. गवत कमरेएवढं, म्हणून वाचलो. माझं कोपर खरचटलं, ह्यांचा गुडघा. हेल्मेटात गवताच्या काड्या.

हे उठून बसले. "काय होतं?"

"कासव."

"कुठे?"

ते आमच्यापासून चार हातांवर होतं. रस्त्यावर, उन्हात, मान आत घेऊन.

मी बोटाने दाखवलं. मग हे गवताशी बोलावं तसं बोलले. मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. नजरेचा मधला भाग झिजतोय, दोन्ही डोळ्यांत. कडेकडेने दिसतं, नीट बघायला जावं तर तिथेच धूर. थांबवता येत नाही, हळू करता येईल.

"मला तर नंबर वाढलाय म्हणालात."

"म्हटलं जूनपर्यंत धरेल. एवढा एक आठवडा. मग सांगणारच होतो."

मला इतका राग आला! "मी मागे बसलेय तुमच्या भरवशावर. ब्रेक नाही माझ्याकडे, हँडल नाही. माझा जीव तुमच्या पाठीला बांधून नेलात आणि सांगितलं नाहीत?"

ह्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी कोठार मी जिंकलो."

मी कोपरावरची माती झाडत राहिले.

"काल?"

मी गवताची काडी तोडली.

"आज सकाळी?"

"हो," म्हटलं. "तीनही."

चव्वेचाळीस वर्षांत ह्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. म्हणाले, "डोळे जातायत ते मी सोसेन. पण सुधा, मला लहान पोरासारखं खोटं जिंकवू नकोस गं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. रडू आलं. हे गवत चाचपत आले आणि माझ्या शेजारी बसले. वडी काढून दिली. अर्धी मला, अर्धी त्यांना. एक लपवणारा, एक झाकणारी. कोण कुणाला बोलणार?

तेवढ्यात एक पिकअप ट्रक थांबला. डार्लीन नावाची बाई, आमच्याच वयाची, मागे एक कुत्रा. "यू फोक्स ओके?" तिने आधी आम्हाला न्याहाळलं, मग कासवाला. कासव उचललं आणि ज्या बाजूला त्याचं तोंड होतं त्या बाजूच्या गवतात नेऊन ठेवलं. म्हणाली, ते जिकडे निघालंय तिकडेच सोडायचं. सोयीची म्हणून उलट्या बाजूला ठेवलं तर परत रस्त्यावर येतं. भारी हट्टी.

मी म्हटलं, "आमच्या घरीपण आहे एक." ती खो खो हसली. हे पण हसले. ओठांच्या कोपऱ्यातून, पण हसले.

ट्रकमध्ये बसायला हे नाही म्हणतील असं वाटलं होतं. निमूट बसले. लांबडी मागे कुत्र्याशेजारी. डार्लीनने सहज विचारलं, ही दोघांची सायकल, मग वळवतं कोण? मी खिडकीबाहेर बघायला लागले. हे म्हणाले, "मी. सो फार."

डार्लीनने मुक्कामाच्या गावी मोटेलवर सोडलं. २६ मैल राहिलेच. आज पहिल्यांदा आम्ही एक दिवस अर्धा टाकला.

५ जून, गुरुवार. ० मै.

विश्रांती. वाटलं होतं आता गाशा गुंडाळायचा. डार्लीनला विचारायचं, उद्या गाडीपर्यंत सोडतेस का. ३८ मै. तर आहेत. मी तसं म्हटलंही.

हे पलंगावर बसून गुडघ्याला मलम लावत होते. म्हणाले, "लांबडीच्या दोन सीट आहेत. मला एकीवरच बसायला जमेनासं झालंय."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग म्हटलं, "वेड लागलंय का? मला साधी सायकल येत नाही!"

"सतरा वर्षं काय करत होतीस?"

"पाय मारत होते!"

"तोल एकट्या पुढच्याचा नसतो," हे म्हणाले. "काल लांबडी उजवीकडे कुणी नेली? हँडल तर माझ्या हातात होतं."

मी पान्यांची पिशवी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

दहा वाजता मोटेलच्या दारात बसून ह्यांनी पुढची सीट खाली केली. तीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढलेला माणूस, पान्याला डोळे लागत नाहीत त्याच्या. माझ्या कमरेला हात लावून उंची बघितली, बोल्ट आवळला. एवढंसं काम, पण मला ते बघवेना आणि नजरही हटेना.

कोठारापुढे ट्रक वळवायला मोठं मोकळं आवार आहे. कापणी सुरू झालेली नाही, म्हणून सुनसान. कोठाराच्या माणसाने खुशाल चालवा म्हणून हात केला आणि खुर्ची आणून बसला. फुकटचा तमाशा.

पहिल्यांदा तीन हात गेलो आणि पडलो. दुसऱ्यांदा कुंपणात. मी घाबरून हँडल इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी. मागून हे, "सैल धर. दूर बघ. चाकाकडे नको." पुन्हा, "खांदे सोड गं, हँडल आहे, लाटणं नाही ते." तिसऱ्यांदा पडले तेव्हा मी म्हटलं, "बास. नाकापेक्षा मोती जड झालाय." हे मागे उभे, सायकल धरून. म्हणाले, "लायसन्स कितव्या खेपेला मिळालं होतं?"

चौथ्या खेपेला अख्खं आवार फिरलो. खुर्चीतला माणूस उठून उभा राहिला. मग एकामागून एक अकरा फेऱ्या. वळणावर अजून जीव वर येतो. पण समोर पाठ नव्हती! सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर नुसतं आकाश. आणि मागे ह्यांचा श्वास. आवडलं, आणि आवडलं म्हणून वाईटही वाटलं.

शेवटी थांबलो ते कोठाराच्या भिंतीपाशी. ह्यांनी हात लांब करून भिंतीला तळवा लावला आणि ओरडले, "कोठार दिसलं!"

त्यावर तो माणूस हसला नाही. आम्ही दोघं एवढे का हसलो, हे त्याला काय कळणार.

दुपारी ह्यांनी स्वतः गौरीला फोन लावला. सगळं सांगितलं, कासवासकट. आधी ती रडली. मग रागावली. रविवारी ॲन आर्बरला येतेय, सोमवारी डॉक्टरकडे तिघांनी जायचं. "बट नो मोअर बाइक. प्रॉमिस मी." हे म्हणाले, "रविवारी बोलू." तिने मला मागितलं. "आई, यू टू. प्रॉमिस." मी म्हटलं, "बाळा, इथे आवाज तुटतोय." आवाज चांगला होता. खोटं बोलायचं नाही असं ठरवून एक दिवससुद्धा झाला नव्हता. रविवारी तिच्याकडे कबूल करेन.

तिचं चुकतंय असं नाही. हेच मला जाचतंय. तिच्या जागी मी असते तर सायकलची किल्लीच लपवली असती.

६ जून, शुक्रवार. सकाळ.

जाग आली ती आल्याच्या वासाने. हे टेबलापाशी उभे. डाव्या हाताचं बोट कपाच्या कडेवरून आत, उजव्या हातात किटली. बोटाला चटका बसला की थांबायचं. एक थेंब बाहेर नाही. केव्हा शिकले हे? "मार्चपासून," म्हणाले. "तू आंघोळीला गेलीस की." सोमवारचे कप वेंधळे नव्हते तर. माझ्यासमोर बोट घालायची लाज वाटली होती.

चहा गोड जास्त झाला होता. मी तसं सांगितलं. "आता कशी खरं बोललीस," म्हणाले.

डार्लीन दहा वाजता ह्याच रस्त्याने बाजाराला जाणार आहे. म्हणाली, तुम्ही रस्त्यावर असलात तर हॉर्न देऊन पुढे जाईन, गवतात असलात तर उचलून घेईन. ह्याहून चांगला बंदोबस्त कुठला? तरी आवारात अकरा फेऱ्या मारणं वेगळं, रस्त्यावर ३८ मै. वेगळं. मागून ट्रक आला तर? आम्ही बोललो त्याबद्दल. ट्रकचा आवाज आधी ह्यांना येईल, तेव्हा "ट्रक" हे मागून म्हणणार. मग मी कडेला घेऊन थांबणार. नव्या कामाला नवे शब्द. "खड्डा" म्हणजे उठायचं, ते तसंच. वळायचं असेल तर "डावं", "उजवं". नाश्ता करता करता दहादा घोकलं.

पहिले पाच मैल बघायचं. नाही जमलं तर उतरायचं, डार्लीनची वाट बघायची, कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही. हे ह्यांनी मला सांगितलं की मी ह्यांना, आठवत नाही.

पैजेचं काय, मी विचारलं. आता मी पुढे. कोठार मलाच आधी दिसणार, तुम्ही रोज चहा करत बसणार. आणि खोटं हरायची माझी तयारी नाही.

तर म्हणाले, काल आवारात त्यांनी वास घेऊन ठेवलाय. जुन्या गव्हाचा, धुळीचा, कबुतरांचा. प्रत्येक कोठाराला असणारच. वारा बरोबर दिशेचा असेल तर माझ्या डोळ्यांच्या आधी त्यांचं नाक पोचेल.

बाहेर जाऊन बघून आले. दक्षिणेचा वारा आहे, आणि आम्हाला दक्षिणेला जायचंय. सतरा वर्षं समोरच्या वाऱ्याला शिव्या देणारा हा माणूस आज समोरचा वारा आहे म्हणून हेल्मेट घालून दारात उभा.